वेदनेवरील विश्वास : दीर्घकालीन वेदनेच्या मानसशास्त्रीय विचाराची समीक्षा

प्रास्ताविक

काही दुखणी येतात आणि जातात. काही येतात आणि मुक्कामाला राहतात. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना असे नाव देते. पाठ, मान, गुडघे, डोके, दाह पावलेले चेतातंतू अशी तिची ठिकाणे अनेक असली तरी रुग्णाचा प्रवास बहुधा एकाच वळणावर येऊन थांबतो. तपासण्या होतात, छायाचित्रे काढली जातात आणि ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ असे सांगण्यात येते. त्यापुढचे वाक्य उच्चारले जावो वा न जावो, रुग्णाला ते ऐकू येते : मग दुखणे मनाचे असले पाहिजे. आणि मराठी बोलीव्यवहारात ‘मनाचे दुखणे’ याचा अर्थ खोटे दुखणे, निदान अर्धे खोटे दुखणे, असा होतो.

मानसशास्त्राचा दीर्घकालीन वेदनेशी संबंध नेमका याच वळणावर येतो, आणि म्हणून तो आरंभापासूनच संशयाने डागाळलेला असतो. गेल्या सहा दशकांत या क्षेत्रात जे सिद्धांत आणि ज्या उपचारपद्धती विकसित झाल्या, त्या मुळात रुग्णावरील हा अविश्वास दूर करणाऱ्या होत्या. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र त्यांपैकी काहींनी अविश्वासालाच शास्त्रीय भाषा पुरविली. हे कसे घडले याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी कसोटी म्हणून प्रामुख्याने कुष्ठरोगाचा महाराष्ट्रातील अनुभव घेतला आहे. बधिरता हीच ज्या रोगाची लोकमानसातील ओळख, त्या रोगातील वेदनेचे काय होते हे पाहिल्यास कोणत्याही वेदना-सिद्धांताचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही लवकर उघड होतात.

दोरी, घंटा आणि दार

देकार्तच्या मरणोत्तर, १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील वेदनेचे चित्र सर्वपरिचित आहे. पायाला विस्तवाचा चटका बसतो, दोरी ओढल्याप्रमाणे संदेश वर जातो आणि मेंदूत घंटा वाजते. या चित्रानुसार जितकी इजा तितकी वेदना; इजा नसेल तर घंटा वाजण्याचे कारण नाही. ‘रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे दुखत नसणार’ हा आजच्या दवाखान्यातील निष्कर्ष सतराव्या शतकातील या दोरीलाच लोंबकळत आहे.

या चित्राला मोठा तडा युद्धभूमीवर गेला. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील अँझिओ येथे जखमी सैनिकांवर उपचार करताना हेन्री बीचर यांना आढळले, की गंभीर जखमा असूनही वेदनाशामकाची मागणी करणारे सैनिक फार थोडे, सुमारे एक चतुर्थांश, होते. बीचर यांचे हे निरीक्षण १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आलेल्या नागरिकाच्या दृष्टीने तशीच जखम म्हणजे संकट होते. जखमेला काय अर्थ आहे, यावर वेदनेचे प्रमाण ठरत होते.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांताने या निरीक्षणाला शरीरशास्त्रीय आधार दिला. परिघावरून येणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच रोखले वा वाढविले जातात, आणि हे दार उघडण्या-मिटण्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही वाटा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातील तपशील पुढे बरेच सुधारावे लागले; परंतु लक्ष, भय, अपेक्षा, पूर्वानुभव या गोष्टी वेदना झाल्यावर तिच्यावर उमटणाऱ्या प्रतिक्रिया नसून वेदनेच्या घडणीतच सहभागी असतात, हा त्याचा गाभा टिकून राहिला. वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या करताना तिला संवेदनात्मक आणि भावनिक असा दुहेरी अनुभव म्हटले. २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येच्या टिपांमध्ये तर, व्यक्ती वेदना होत असल्याचे सांगते तेव्हा त्या सांगण्याचा आदर केला जावा, असे स्पष्ट नमूद आहे.

येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदविली पाहिजे. या सिद्धांतात ‘मनाची वेदना’ आणि ‘शरीराची वेदना’ अशा दोन जाती नाहीत. सर्वच वेदनांच्या घडणीत मनाचा वाटा आहे. हाड मोडल्याची वेदनाही त्याला अपवाद नाही. म्हणजे ‘तपासणीत काही सापडले नाही, आता मानसतज्ज्ञाकडे जा’ हा क्रम सिद्धांतातून निघत नाही. तो जुन्या दोरी-घंटेच्या चित्रातून निघतो आणि नव्या सिद्धांताचे नाव लावून फिरतो.

विश्रांती हे बक्षीस कोणाला?

उपचाराच्या क्षेत्रात पहिले पद्धतशीर पाऊल वर्तनवाद्यांनी टाकले. सिअ‍ॅटलमधील विल्बर्ट फोर्डाइस यांच्या १९७६ च्या ग्रंथात साधक अभिसंधानाचे तत्त्व दीर्घकालीन वेदनेला लावलेले आहे. कण्हणे, लंगडणे, अंथरुणाला खिळणे या वर्तनाला सहानुभूती, विश्रांती व औषध यांचे प्रबलन मिळत राहिले, तर मूळ इजा भरून आल्यावरही ते वर्तन टिकते. तेव्हा प्रबलनाची दिशा बदलून हालचाल व काम यांना उत्तेजन द्यावे, अशी ही भूमिका होती. औषध दुखेल तेव्हा न देता घड्याळाच्या वेळेनुसार द्यावे, व्यायाम वेदनेने थांबेपर्यंत न करता ठरलेल्या मात्रेपर्यंत करावा, हे तिचे फलित आजही उपयोगी पडते.

परंतु या विचारात एक गृहीतक दडलेले आहे : विश्रांती हे बक्षीस आहे. ते कोणासाठी? रायगड जिल्ह्यातील भातलावणीच्या दिवसांत कमरेत वाकून दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या मजूर स्त्रीला विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी होय. तिचे वेदना-वर्तन बहुधा उलट दिशेने घडलेले असते. ती कण्हत नाही, कारण कण्हून काही मिळत नाही. घरातही ‘अंग दुखते’ म्हणण्याचा अधिकार वय, लिंग आणि नाते यांनुसार वाटलेला असतो. सासऱ्यांचे गुडघे दुखतात तेव्हा घर हलते आणि सुनेची कंबर दुखते तेव्हा स्वयंपाक तेवढा थोडा उशिरा होतो. क्वचित एखाद्या घरात दुखणे हीच स्त्रीला मिळणारी एकमेव मान्य रजा असते, हेही खरे. तेथे प्रबलनाची भाषा लागू पडेल. पण मग उपचार त्या स्त्रीच्या वर्तनावर करायचा की रजेच्या त्या व्यवस्थेवर, हा प्रश्न फोर्डाइस यांच्या चौकटीबाहेर राहतो.

बोधात्मक वर्तनोपचाराने वर्तनाच्या मागील विचारांकडे लक्ष वळविले. टर्क, मायकेनबाम आणि जेनेस्ट यांच्या १९८३ च्या ग्रंथापासून हा प्रवाह स्थिरावला. ‘हे दुखणे कधीच जाणार नाही’, ‘मी संपलो’ अशा विचारांनी वेदना तीव्र होते, हालचाल टाळली जाते, स्नायू दुर्बल होतात आणि दुखणे खरोखरच वाढते, असे हे दुष्टचक्र आहे. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या मराठी मांडणीत अशा विचारपद्धतीसाठी ‘भयंकरीकरण’ हा नेमका शब्द वापरला जातो. मराठी वाचकाला तो चटकन कळतो, ही त्या लेखनाची मोठीच कमाई आहे.

मात्र भयंकर काय आणि भयंकरीकरण काय, याचा निवाडा करणारा सामान्यतः पगारी नोकरीत असतो. रोजंदारीवरील हमाल ‘पाठ गेली तर घर बुडेल’ असे म्हणतो तेव्हा तो विचारदोष नसून बऱ्याच अंशी अचूक अंदाज असतो. त्या विचाराचे खंडन करण्याआधी त्यातील खरे किती हे मान्य करणे आवश्यक आहे. उत्तम उपचारक हे करतातच. परंतु पाठ्यपुस्तकांतून आणि प्रश्नावल्यांतून ही पायरी गळून पडते, आणि रुग्णाच्या परिस्थितीचे ओझे रुग्णाच्या विचारांच्या खात्यावर मांडले जाते.

बधिर शरीरातील वेदना

पनवेल तालुक्यातील नेरे येथील कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन, वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये उभे राहिलेले आनंदवन, मुंबईत १९७६ पासून काम करणारा बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट यांसारख्या संस्थांमुळे कुष्ठरोग हा महाराष्ट्राच्या सामाजिक जाणिवेचा भाग झालेला आहे. या जाणिवेत कुष्ठरोगी म्हणजे ज्याला संवेदना नाही असा माणूस. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही. वेल्लोर येथे काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट शास्त्रीयदृष्ट्या प्रस्थापित केली. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने ‘झडत’ नाहीत. वेदनेचा इशारा न मिळाल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजा आणि जंतुसंसर्ग यांमुळे ती नष्ट होतात. वेदना ही देणगी आहे, हा ब्रँड यांच्या लेखनाचा विषयच होता. रोग्यांच्या पायांची निगा, योग्य पादत्राणे, हातांची शस्त्रक्रिया या सर्व गोष्टी त्या शोधातून पुढे आल्या; त्यांचे महत्त्व वादातीत आहे.

पण एखादे सत्य फार परिणामकारकपणे सांगितले गेले, की त्याच्या आड दुसरे सत्य झाकले जाते. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंवर हल्ला करतात, आणि इजा झालेले चेतातंतू केवळ मुके होत नाहीत; ते चुकीचे संदेशही पाठवू लागतात. स्पर्श कळत नाही, पण आग होते. टोचलेली सुई जाणवत नाही, पण रात्री मुंग्या येऊन झोप मोडते. ही चेताजन्य वेदना कुष्ठरोगाचा औषधोपचार पूर्ण झाल्यावरही वर्षानुवर्षे टिकू शकते.

मुंबईत कुष्ठरोगाचा बहुविध औषधोपचार नुकताच पूर्ण केलेल्या १०१ व्यक्तींचा याच दृष्टीने अभ्यास झाला. डॉ. आर. गणपती आणि डॉ. विवेक पै हे त्यातील सहसंशोधक होते व अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. १०१ पैकी २२ जणांना चेताजन्य वेदना असल्याचे आढळले. सामान्य आरोग्य प्रश्नावलीनुसार एकूण १५ जणांमध्ये मानसिक अस्वास्थ्य दिसून आले आणि त्यांपैकी ९ जण वेदनाग्रस्त २२ मधील होते. म्हणजे वेदना असलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के अस्वस्थ, तर उरलेल्या ७९ जणांमध्ये केवळ ६.

या आकड्यांचे वाचन जपून केले पाहिजे. एकाच वेळी घेतलेल्या पाहणीवरून आधी काय आणि नंतर काय हे ठरत नाही. वेदनेमुळे मन खचले, की खचलेल्या मनामुळे वेदना अधिक जाणवली, की रोगाच्या कलंकाने दोन्ही वाढले, याचे उत्तर अशा अभ्यासातून मिळणार नाही, आणि नमुनाही लहान आहे. तरीही दोन गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. पहिली, ‘कुष्ठरोग म्हणजे वेदना नसणे’ हे समीकरण अपुरे आहे. दुसरी, ज्यांना वेदना आहेत त्यांच्या मनाचा विचार वेगळा काढून ठेवता येणार नाही.

आता या रुग्णाची स्थिती कल्पनेने पाहावी. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये केली आणि राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम १९८३ पासून तिच्या आधारे चालू झाला. ठरलेल्या महिन्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या की रुग्ण ‘आरएफटी’, म्हणजे उपचारमुक्त, होतो. डिसेंबर २००५ अखेर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण असे प्रमाण गाठून, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या अर्थाने, कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे राष्ट्रीय पातळीवर जाहीर झाले. या यशाचे मोल कमी नाही. परंतु या यशाच्या हिशेबात ज्याचे नाव ‘बरा झालेला’ या रकान्यात गेले आहे, तो ‘अजून दुखते’ म्हणतो तेव्हा त्याचे ऐकायला रकाना उरत नाही. रोग बधिरतेचा, तेव्हा दुखणारच नाही. रोग बरा झाला, तेव्हा दुखायला नको. दोन्ही बाजूंनी त्याच्या वेदनेची शक्यताच नाकारली जाते. त्यातून एखादा सहृदय माणूस ‘कलंकामुळे मनाला लागले असेल’ असे म्हणाला, तर तिसऱ्या बाजूनेही दार बंद होते. या तिसऱ्या नकाराची भाषा मानसशास्त्राची आहे, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी विसरू नये.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा?

वेदनेचे मोजमाप शेवटी शब्दांवर अवलंबून असते. मेलझॅक यांच्या १९७५ च्या मॅकगिल वेदना प्रश्नावलीत इंग्रजीतील ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. अशा साधनांचे शब्दशः भाषांतर करून ती रुग्णासमोर ठेवण्याची प्रथा आहे. येथे मराठीची घडण लक्षात घेतलीच पाहिजे, कारण मराठी माणूस वेदना सांगताना विशेषणांपेक्षा क्रियापदांचा आधार घेतो. डोके ठणकते किंवा भणभणते, जखम ठसठसते, काटा सलतो, कंबरेत उसण भरते, पोटात मुरडा येतो, पायात गोळे येतात, हाताला रग लागते, पाठीतून चमक निघते, तळपायांची आग होते. यांतील प्रत्येक शब्दामागे वेदनेची गती, जागा आणि काळ आहे. ठणका तालात येतो, चमक क्षणात जाते, रग श्रमाने लागते. ‘शून्य ते दहा यांपैकी किती?’ या प्रश्नावर गोंधळणारा रुग्ण ‘ठणकते की आग होते?’ याचे उत्तर क्षणाचाही विलंब न लावता देतो, आणि चेताजन्य वेदना ओळखण्यासाठी नेमका हाच भेद महत्त्वाचा असतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘माझे डोके दुखते’ या वाक्यात कर्ता डोके आहे; ‘मला कळ येते’ यात कर्ता कळ आहे. वेदना माणसाला होते, येते, लागते. तो ती करीत नाही. व्याकरणानेच रुग्णाला वेदनेच्या कर्तेपणापासून मुक्त ठेवलेले आहे. ‘तुमच्या विचारांमुळे तुमची वेदना वाढते’ हे वाक्य मराठी कानाला आरोपासारखे का लागते, याचे एक कारण येथे असावे. त्याच भाषेत ‘जरा कळ काढ’ म्हणजे धीर धर. तीव्र वेदनेचा शब्द आणि सहनशीलतेचा वाक्प्रचार एकच असावा यात शतकांचा अनुभव साठलेला आहे. पण कळ काढण्याचा हा उपदेश बहुतेक वेळा ज्याला कळ येत नाही तोच करतो, हेही तितकेच अनुभवसिद्ध आहे. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण त्याच अनुभवाची दुसरी बाजू सांगते.

कुष्ठरोगाच्या संदर्भात भाषेची अडचण आणखी वाढते. बधिर आणि दुखरे हे मराठीत विरुद्धार्थी म्हणून वापरले जातात. ज्या हाताला ‘काही कळत नाही’, तोच हात ‘रात्रभर जळतो’ असे सांगणे बोलणाऱ्यालाही विसंगत वाटावे. मुंबईच्या अभ्यासात चेताजन्य वेदना असलेल्यांमध्ये बधिरपणाची तक्रार सर्वाधिक, सुमारे ८६ टक्के, आणि मुंग्यांची सुमारे ६८ टक्के होती. बधिरता आणि वेदना एकाच ठिकाणी नांदत होत्या. प्रश्न विचारणाऱ्याने या दोन्ही एकत्र असू शकतात हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण त्यांतील एकच सांगेल; आणि अर्थातच जे ऐकण्याची अपेक्षा आहे तेच सांगेल.

स्वीकार आणि त्याची किंमत

अलीकडच्या काळात वेदनेशी झुंजण्यापेक्षा तिचा स्वीकार करण्यावर भर देणाऱ्या पद्धती पुढे आल्या आहेत. त्यांचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचे संस्थापक सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात उद्योजक असताना असह्य अर्धशिशीने ग्रस्त होते. उपचारात मॉर्फिन घ्यावे लागे आणि परदेशांतील वैद्यांनीही गुण आला नव्हता. १९५५ मध्ये ते सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी जावी यासाठी साधना शिकविण्यास गुरूंनी नकार दिला, असे गोयंका स्वतः सांगत असत. मनाची शुद्धी हा हेतू असेल तर यावे. दुखणे जाईल ते आनुषंगिक. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ज्या सजगता-आधारित कार्यक्रमाचा आरंभ केला, त्यातील सर्वांगावरून क्रमाने लक्ष फिरविण्याच्या सरावाचे मूळ उ बा खिन यांच्या परंपरेत सापडते. १९८२ मध्ये त्यांनी दीर्घकालीन वेदनेच्या ५१ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला.

येथे ‘वेदना’ या शब्दाचा इतिहास अर्थपूर्ण ठरतो. संस्कृतातील जाणणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. पालीत वेदना म्हणजे कोणतीही संवेदना : सुखद, दुःखद अथवा यांपैकी कोणतीही नसलेली. मराठीत त्यातील सुखद आणि तटस्थ अर्थ झडून गेले आणि केवळ दुःख उरले. विपश्यनेच्या शिबिरात मराठी साधकाला जे शिकविले जाते ते एका अर्थी या शब्दाचे जुने, विस्तृत रूप पुन्हा शिकणे होय. संवेदना उठते, बदलते, मावळते, तिला लगेच ‘नको’ म्हणायचे नाही.

परंतु गुरूंचा तो नकार आधुनिक रुग्णालयात टिकत नाही. तेथे रुग्ण वेदनाशमनासाठीच आलेला असतो आणि संस्थेला वेदनाशमनाचेच आकडे द्यावयाचे असतात. वेदना जावी म्हणून वेदनेचा स्वीकार करा, असा विचित्र करार त्यातून तयार होतो. स्वीकार-वचनबद्धता उपचारपद्धतीने हा पेच ओळखला व वेदना कमी होणे हे ध्येयच बाजूला ठेवून, वेदनेसह अर्थपूर्ण जगणे हे ध्येय मानले. तात्त्विकदृष्ट्या ही भूमिका अधिक प्रामाणिक आहे. तरीही स्वीकार कशाचा, हा प्रश्न राहतो. बदलता न येणाऱ्या वेदनेचा स्वीकार वेगळा आणि पादत्राणांचा अभाव, वेळेवर न झालेले निदान, नाकारलेली नोकरी यांचा स्वीकार वेगळा. उपचाराच्या खोलीत या दोहोंची सीमारेषा आखली गेली नाही, तर स्वीकार आणि शरणागती यांत भेद उरणार नाही.

थोर उदाहरणांची अडचण

महाराष्ट्राला वेदनेसह जगण्याचे सर्वांत मोठे दृश्य उदाहरण बाबा आमटे यांनी दिले. मणक्यांच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच शक्य होते. या अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर अशी भारत जोडो यात्रा वाहनात आडवे पडून केली, आणि १९९० मध्ये ते नर्मदेच्या काठी जाऊन राहिले. मूल्यांशी बांधिलकी ठेवून वेदनेसह कृती करणे असे जे आजच्या ग्रंथांत सांगितले जाते, त्याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

आणि तरीही उपचाराच्या संदर्भात असा दाखला देताना सावध असावे. बाबांच्या वेदनेबद्दल कोणालाही शंका नव्हती. त्यांच्याभोवती कुटुंब, सहकारी आणि समाजाचा आदर होता; अंथरुणासह प्रवास करण्याची व्यवस्था होती. ज्याची वेदना सर्वांनी मान्य केली आहे त्याला ती बाजूला ठेवून काम करता येते; ज्याला ती रोज सिद्ध करावी लागते त्याची बरीच शक्ती सिद्ध करण्यातच जाते. ‘ते करू शकले, मग तुम्हांला काय झाले?’ असा प्रश्न या उदाहरणातून सहज निघतो, आणि तो आनंदवनाच्या कार्याशी पूर्णतः विसंगत आहे. आनंदवनाने रुग्णांना थोरांची उदाहरणे सांगत बसण्यापेक्षा काम, निवारा आणि शेजार दिला. मानसोपचाराच्या परिभाषेत बोलायचे तर तेथे आधी परिस्थिती बदलली. विचार त्यानंतर बदलले.

पुराव्याचे वजन

या सर्व पद्धतींचा प्रत्यक्ष उपयोग किती? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत प्रौढांमधील दीर्घकालीन वेदनेवरील मानसोपचारांचे ७५ अभ्यास आणि ९,४०१ सहभागी विचारात घेतले गेले. बोधात्मक वर्तनोपचाराने वेदना, असमर्थता आणि मनस्ताप यांत लहान किंवा अतिशय लहान सुधारणा होते असा त्याचा निष्कर्ष होता. इतर पद्धतींबाबतचा पुरावा त्याहून दुर्बल ठरला. हा निष्कर्ष निराशाजनक वाटेल, पण दीर्घकालीन वेदनेवर कोणताच एकटा उपचार मोठा गुण देत नाही हे लक्षात घेता तो तसा नाही. मानसोपचार हा अनेक साह्यांपैकी एक आहे एवढेच तो सांगतो.

मात्र जेथे इतर साह्ये हाताशी आहेत, तेथेच ‘अनेकांपैकी एक’ या शब्दांना अर्थ आहे. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, वेदनेच्या मानसोपचाराला अलीकडे जे महत्त्व आले त्यामागे अफूजन्य औषधांच्या अतिवापराची पार्श्वभूमी होती. भारतातील पार्श्वभूमी नेमकी उलट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे परवान्यांच्या जाळ्यात अडकले, कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांनाही ते दुर्मीळ झाले, आणि कायद्यात दुरुस्ती होण्यास २०१४ उजाडले. ‘औषधांपेक्षा मनावर काम करा’ हे वाक्य औषधांच्या पुरात सांगणे वेगळे आणि दुष्काळात सांगणे वेगळे.

चेताजन्य वेदनेपुरते बोलायचे तर औषधे महाग वा दुर्मीळ नाहीत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे जुने, स्वस्त औषध अल्प मात्रेत यासाठी वापरले जाते. पण हे औषध मुळात नैराश्यावरचे आहे. रुग्ण चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जातो, तेथे कोणीतरी ‘ही डिप्रेशनची गोळी आहे’ असे सांगतो, आणि ज्याला आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही असे आधीच वाटत होते त्याला त्याचा पुरावा हातात मिळतो. मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे जे संदेश वेदनेचे दार मिटवितात, त्यांना ही गोळी बळ देते, ही गोष्ट चिठ्ठी लिहिताना दोन मिनिटांत, मराठीत, सांगण्यासारखी आहे. ती सांगितली गेली की नाही, यावर अनेकदा गोळी घेतली जाते की फेकून दिली जाते हे ठरते.